वांग, मंगु, बंगु

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या संपल्या म्हणून नवी पेठेतल्या एका मेडिकलमध्ये गेले होते. संध्याकाळचे सात वाजले असतील, तरी डांबरातून अजून वाफा येत होत्या, सोलापूरचा एप्रिल म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. माझ्या पुढं एक मुलगी उभी होती, एकोणीस-वीस वर्षांची, पाठीला सॅक, आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत स्टोल गुंडाळलेला, आपल्याकडं सगळ्याच पोरी गुंडाळतात तसा, नुसते डोळे दिसायचे. तिनं काउंटरवरच्या पोराला मोबाईलमधला एक फोटो दाखवला. त्यानं काही न विचारता मागं वळून खणातून एक छोटी ट्यूब काढली आणि कागदाच्या पिशवीत टाकली. पैसे काढायला म्हणून तिनं पर्सची चेन ओढली, स्टोलचं टोक दातात धरलं, आणि तेवढ्यात तो खाली घसरला. दोन्ही गाल लाल होते. उन्हातून आल्यावर होतात तसे लाल नव्हते ते. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, चकाकणारी कातडी आणि त्याच्या आतून आलेला लालपणा, आणि गालावर कडेकडेनं बारीक लव. मी ते गाल लगेच ओळखले, कारण आठ वर्षांपूर्वी माझे तसेच होते. ट्यूब पण ओळखली.

मी काहीच बोलले नाही.

तिनं स्टोल परत वर ओढला, ट्यूब सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवली आणि गेली. मी गोळ्या घेतल्या, सुट्टे पैसे मोजून घेतले, स्कूटी काढली, आणि पार्क चौकात येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की आपण हात घट्ट आवळून गाडी चालवतोय. बोलायला काय झालं होतं मला? दिवसभर वर्गात तीस पोरांसमोर बोलते. पण अनोळखी मुलीच्या चेहऱ्याबद्दल मी कसं बोलू, हा प्रश्न आडवा आला, आणि तो प्रश्न खोटा नव्हता, कारण माझ्या चेहऱ्याबद्दल अनोळखी बायका बोलल्या तेव्हा मला काय वाटलं होतं ते मला आठवतंय. त्या रात्री झोप आली नाही. नंतर पण अधूनमधून ती येतच राहिली डोळ्यासमोर, दातात स्टोलचं टोक धरलेली.

माझं वांग 2012 मध्ये आलं, धाकटीच्या वेळी. सहावा महिना असेल. आधी दोन्ही गालांच्या हाडांवर चहाचा थेंब सांडून वाळावा तसे डाग दिसले, मग ते एकमेकांना मिळाले, मग कपाळावर आले, आणि शेवटी वरच्या ओठावर आले, आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्या ओठावरच्याचा झाला, कारण लांबून मिशी असल्यासारखं दिसायचं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपण झालं की जातं. बऱ्याच जणींचं जातंही तसं, हे खरं आहे. माझं नाही गेलं. थोडं फिकट झालं आणि तिथंच थांबलं, आणि बारशानंतर शाळा सुरू झाली तसं उन्हाबरोबर परत गडद व्हायला लागलं. माझी शाळा तुळजापूर रोडला, गावापासून बावीस किलोमीटर. सकाळी जाताना ऊन एका गालावर, दुपारी येताना डोक्यावरून सरळ सगळ्या तोंडावर.

माहेरी गेले की आळीतल्या बायका हनुवटीला धरून चेहरा वर करायच्या. माझं माहेर पूर्व भागात, जिथं सकाळी उठल्यापासून मागांची खटक-खटक कानात असते आणि एका जिन्यावर तीन भाषा बोलल्या जातात. आई म्हणायची वांग. समोरच्या विड्या वळणाऱ्या अक्का तेलुगूत म्हणायच्या मंगु. वरच्या मजल्यावरच्या, अक्कलकोटकडनं आलेल्या आजी कन्नडमध्ये म्हणायच्या बंगु. वांग, मंगु, बंगु. तीन सख्ख्या बहिणींची नावं वाटावीत. मला लहानपणी त्याची गंमत वाटायची, आणि आता वाटतं की ज्या गोष्टीला तिन्ही भाषांत इतकी घरगुती नावं आहेत ती किती जुनी आणि किती घराघरातली असणार. पुढं डॉक्टरांच्या कागदावर मेलाझ्मा लिहिलेलं वाचलं तेव्हा मला तो दुसराच कुठलातरी आजार वाटला होता.

आणि प्रत्येकीकडं उपाय होता. जायफळ दुधात उगाळून लाव. मसुराच्या डाळीचं पीठ लाव. बटाट्याची चकती फिरव. अक्कांनी कच्च्या पपईचा गर सांगितला, शेजारच्या काकूंनी हळद आणि साय. कुणाचाच वाईट हेतू नव्हता, हे मी आज पण छातीवर हात ठेवून सांगेन. जायफळानं आग व्हायची पण वास छान यायचा, सहाणेवर उगाळताना आई शेजारी बसायची, तेवढा अर्धा तास आम्ही दोघी निवांत बोलायचो, ते मला आवडायचं. लिंबानं मात्र घात केला. रविवारी सकाळी लिंबाची फोड दोन्ही गालांवर चोळली, धुतलं की नाही नीट आठवत नाही, आणि पाणी आलं म्हणून गच्चीत टाकी बघायला गेले. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आलं की मग बाकी काही सुचत नाही. तास-दीड तास उन्हात होते. दुसऱ्या दिवशी गालांवर भाजल्यासारखे पट्टे उठले, आणि ते बरे झाले तेव्हा आधीच्यापेक्षा काळे डाग सोडून गेले. लिंबाच्या रसात असे घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन पडलं तर कातडी खरोखर भाजते, हे मला खूप वर्षांनी कळलं. आपण मात्र डाग घालवायला म्हणून पिढ्यानपिढ्या लिंबूच सांगत आलोय.

मग 2015 मध्ये ट्यूब आली. पार्लरमधल्या बाईंनी नाव सांगितलं, मेडिकलवाल्यानं दिली, बिल पण नव्हतं आणि चिठ्ठी पण नव्हती. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की शाळेतल्या मॅडम विचारायला लागल्या. मला रडू यायचं राहिलं होतं, इतका आनंद झाला होता. संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गेलो तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा मी पाळण्यापुढं उभी राहून पोरींबरोबर फोटो काढून घेतला. तो फोटो अजून आहे. त्यातला चेहरा गोरा नाही, गुळगुळीत आहे, आणि मी हसतेय. आज त्या फोटोकडं बघून मला राग पण येतो आणि माया पण येते, दोन्ही एकदम येतं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात. हायड्रोक्विनोन, जे कातडीत रंग तयार होणं कमी करतं. ट्रेटिनॉइन, जे वरचा थर लवकर झडायला लावतं. आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टेरॉईड, जे आग आणि सूज दाबतं. ही कल्पना काही वाईट नाही, अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या दोघा डॉक्टरांनी 1975 मध्ये असं मिश्रण पहिल्यांदा मांडलं आणि आज पण त्वचेचे डॉक्टर तशा मिश्रणाची क्रीमं वांगासाठी देतात. पण देतात ती मोजून, रात्रीची, थोडे आठवडे, मधे तपासून. मी लावली अडीच वर्षं. कारण थांबवली की आठ दिवसांत वांग परत यायचं, आणि नुसतं यायचं नाही, आग घेऊन यायचं, मग परत लावायची, लावली की आग शांत. म्हणजे ज्यानं आग लागलीय त्यानंच ती विझतेय असं वाटत राहतं. हळूहळू सगळंच बदललं. तव्यासमोर उभं राहिलं की गाल पेटायचे. वर्गात जोरात बोललं की लाल व्हायचे. चाळिशीच्या तोंडावर हनुवटीवर पिंपल आले, गालावर लव वाढली, नाकाच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसायला लागल्या. नवरा म्हणाला, तुझं तोंड काचेसारखं झालंय. तो कौतुकानं म्हणाला नव्हता, घाबरून म्हणाला होता.

तरी मी डॉक्टरांकडं जात नव्हते. का, याचा मी खूप विचार केलाय. पैशाचं कारण होतंच. पण खरं कारण वेगळं होतं. आपल्याकडं त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाई दिसली की हिला कोड आलं का काय, अशी कुजबुज होते, आणि पोरींची लग्नं व्हायची असतात. दुसरं म्हणजे वांग हा आजारच नाही, दुखत नाही, खुपत नाही, ताप येत नाही, मग नुसत्या दिसण्यासाठी डॉक्टरकडं जायचं याची लाज वाटायची. म्हणजे दिसण्यासाठी मी गुपचूप ट्यूब लावत होते आणि डॉक्टरला दाखवायची मात्र लाज. आईचं उदाहरण पण डोळ्यासमोर होतं. आईला आयुष्यभर वांग होतं. ती घरी कडक भाकऱ्या करून विकायची, शेंगा चटणी पण करायची पण भाकरी मुख्य. परातीत ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायची, आणि मग विस्तवाकडं उभी करून कडक होईपर्यंत शेकायची. भाकरीचं तोंड आणि आईचं तोंड, दोन्ही विस्तवाकडं. रोज शंभर-सव्वाशे भाकरी, तीस वर्षं. तिनं कधी वांगाची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तिचं काही अडलं नाही तर माझं का अडावं?

शेवटी 2017 च्या जूनमध्ये गेले, ते पण आग सहन होईना म्हणून. डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. खुर्ची खिडकीपाशी ओढायला सांगितली, ट्यूबलाइट बंद केली, आणि दोन बोटांनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडं वळवला, मग दुसरीकडं, मग वर. काहीही न बोलता. अगदी सावकाश. माझ्या आळीतल्या बायका धरायच्या तशीच हनुवटी धरली होती, पण मला पाच वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं की आपला चेहरा कुणीतरी नीट बघतंय. मग भिंगाचं एक छोटं यंत्र गालाला टेकवून बघितलं. मग खोलीत अंधार करून जांभळ्या उजेडाचा दिवा धरला, त्याला वूड्स लॅम्प म्हणतात. वरच्या थरातलं वांग त्या उजेडात जास्त गडद दिसतं, खोलवर गेलेलं तसं दिसत नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो दिवा सगळंच काही सांगत नाही, असं पण त्या म्हणाल्या. माझं दोन्हीचं मिश्रण निघालं. मग प्रश्न सुरू झाले. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेता का? घेत होते. आईला होतं का? हो. थायरॉईड कधी तपासलंय? नाही. केसाला काय लावता? उन्हात किती? आणि मग एक प्रश्न विचारला ज्यानं मी गप्पच झाले: स्वयंपाक करताना तव्यासमोर किती वेळ असता? वांगाला नुसतं ऊनच नाही, उष्णता पण चालत नाही. मला विस्तवापुढं बसलेली आई दिसली.

ट्यूब पर्समधून काढून टेबलावर ठेवली तेव्हा त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आठवड्यात अशा चार-पाच जणी येतात, या चेहऱ्याला आता आमच्यात वेगळं नावच पडलंय, स्टेरॉईडनं बिघडलेला चेहरा. आणि सांगितलं की वांगाचं औषध आज सुरू करायचं नाही, आधी चेहरा शांत होऊ दे. एकदम बंद केलं तर भडकतं म्हणून स्टेरॉईड कमी-कमी करत सोडवलं. ते दिवस वाईट गेले. पहिले तीन आठवडे चेहरा सुजल्यासारखा, रात्री गार पाण्याचा रुमाल तोंडावर ठेवून झोपायचे, शाळेत स्टोल गुंडाळूनच शिकवलं, पोरं काही बोलली नाहीत, पोरं कधीकधी मोठ्यांपेक्षा शहाणी असतात. जवळजवळ चार महिने नुसतं सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. वांग तसंच होतं, उलट जास्त दिसत होतं, आणि तरी मला बरं वाटत होतं, कारण तव्यासमोर गाल पेटायचे थांबले होते.

सनस्क्रीनबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण सगळा खेळ तिथंच आहे आणि तिथंच आपण सगळ्या चुकतो. मी आधी पण लावायचे, वाटाण्याएवढं, सकाळी एकदा, बाहेर जायचं असेल तरच. ते न लावल्यासारखंच. डॉक्टरांनी बोटं पुढं करायला लावली आणि तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हीवर बुडापासून टोकापर्यंत एक-एक रेघ काढून दाखवली, एवढं चेहऱ्याला आणि मानेला. एसपीएफ निदान 30, बाहेर असाल तर दर दोन-अडीच तासांनी परत. घाम आला, तोंड पुसलं, परत. रविवारी पण. पावसाळ्यात पण. आणि घरात असलं तरी पण, कारण उन्हातले लांब लहरींचे किरण, ज्यांना यूव्हीए म्हणतात, ते खिडकीच्या काचेतून आत येतात. शिवाय आपल्या रंगाच्या कातडीत नुसता डोळ्याला दिसणारा उजेडसुद्धा वांग गडद करतो, आणि तो साध्या सनस्क्रीननं अडत नाही. त्याला आयर्न ऑक्साइड घातलेलं, फाउंडेशनसारख्या रंगाचं सनस्क्रीन लागतं. हे ऐकून मला वाटलं की हे सगळं एसीत बसणाऱ्या बायकांसाठी आहे. चांगली ट्यूब पाचशे-सहाशेला, आणि सांगितल्याप्रमाणं लावली तर महिना पण जात नाही. हा खर्च खरा आहे, तो मी लपवणार नाही. मी दोन साड्या कमी घेतल्या, ज्यांना तेही शक्य नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं सांगते: मोठ्या काठाची टोपी नाहीतर छत्री, जाड विणीचा गडद सुती स्टोल, आणि अकरा ते चार सावली. आपल्या पोरी स्टोल गुंडाळतात ते वेड नाहीये. फक्त तो जाळीदार असतो त्याऐवजी जाड असावा, आणि तो रोज धुतलेला असावा.

पुढं अझेलाइक अ‍ॅसिडची क्रीम दिली, पहिले काही दिवस मुंग्या चावल्यासारखं व्हायचं, मग सवय झाली. पाळणा लांबवायच्या गोळ्या बाईंच्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या, तांबी बसवली. वर्षभरानं ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तीन महिने दिल्या, हे नाव मला माहीत होतं, माझ्या बहिणीला पाळीत जास्त जायचं तेव्हा हीच गोळी होती. रक्त थांबवायची गोळी वांगाला कशी काय, असं विचारलं तर त्यांनी सांगितलं की कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशींना चिथावणारी जी साखळी असते तिच्यात ती मधे पडते. पण देण्याआधी त्यांनी तीन-तीनदा विचारलं, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, घरात कुणाला पक्षाघात, हार्टचं काही. कारण तसं असेल तर ही गोळी धोक्याची. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आता या गोळीचं नाव पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय आणि बायका स्वतःच आणून घेतायत. लेझरचं मीच विचारलं, त्या म्हणाल्या घाई करू नका, आपल्या कातडीत लेझरनं कधीकधी वांग उलट जास्त गडद होऊन परत येतं, तो शेवटचा मार्ग, आणि तो सुद्धा अनुभवी हातातच. पार्लरमध्ये अ‍ॅसिड लावून कातडीचा वरचा थर काढतात, त्या पीलला तर सरळ नाही म्हणाल्या.

दीड-दोन वर्षांत वांग निम्म्याहून कमी झालं. गेलं नाही. दर उन्हाळ्यात परत डोकं वर काढतं, गणपतीनंतर उतरतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे शुगर-बीपीसारखं सांभाळायचं प्रकरण आहे, मुळासकट काढायचं नाही. त्या दिवशी ते ऐकून मी रिक्षात रडले होते. आता वाटतं, हे वाक्य मला 2012 मध्ये कुणी सांगितलं असतं तर जी अडीच वर्षं मी कातडी जाळण्यात घालवली ती वाचली असती. सात दिवसांत गॅरंटीनं, हे शब्द ऐकले की मला आता भीती वाटते.

माझं बरं झालेलं बघून आळीतल्या बायका मलाच विचारायला लागल्या, आणि तेव्हा कळलं की चेहऱ्यावरचं सगळं काळं म्हणजे वांग नसतंच. विड्यांच्या अक्कांच्या कपाळाच्या कडेला आणि कानशिलावर राखाडी-काळं पसरत चाललं होतं आणि खाज होती. त्या चार वर्षं मंगु मंगु म्हणून जायफळ लावत होत्या. मी त्यांना सिव्हिलला घेऊन गेले, आपल्या सिव्हिलला त्वचेचा वेगळा विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, हे कितीतरी जणींना माहीत नाही. तिथं त्यांच्या केसांच्या काळ्या मेहंदीवर संशय आला, त्यात रंगासाठी जे रसायन घालतात त्याची अ‍ॅलर्जी. मेहंदी बंद केल्यावर खाज महिन्यात गेली, काळेपणा जायला खूप वेळ लागला. जाऊबाईंची मान मखमलीसारखी जाड आणि काळी होती, त्या घासणीनं घासायच्या, मळ म्हणून. तो मळ नव्हता, शुगरच्या आधीची खूण होती, रक्त तपासलं तर काठावर निघाली. कुंकवानं, टिकलीच्या गोंदानं कपाळावर उठतं ते वेगळंच. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी माझ्याकडून पाठ करून घेतल्यासारखी सांगितली होती. डाग एकाच बाजूला आणि एकटाच असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, भरभर वाढत असेल, रक्त येत असेल, तर आठवडाभर पण थांबायचं नाही. चेहऱ्याबरोबर तोंडाच्या आत आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडत असतील आणि वजन घटत असेल, थकवा असेल, तर तो चेहऱ्याचा प्रश्नच नाही, आतल्या ग्रंथींचा असू शकतो. दिवस गेले असतील किंवा जायचे असतील तर चेहऱ्याला लावायचं सगळं आधी दाखवायचं. आणि साधं वांगच असलं, तरी दोन-तीन महिने सनस्क्रीन नीट लावून काहीच फरक नाही, किंवा कुठल्याही क्रीमनं आग होतेय, लाल होतंय, की सरळ जायचं. मी थांबले पाच वर्षं.

आई 2019 मध्ये गेली. तिची पेटी आवरताना तिचे फोटो निघाले, फार नव्हते, लग्नाचा, आमच्या मुंजी-बारशांचे, मामाच्या लग्नाचा. मी फरशीवर बसून एकेक बघत होते आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की लग्नाच्या फोटोनंतरच्या एकाही फोटोत आई पुढच्या रांगेत नाही. कुणाच्या तरी खांद्यामागं आहे. पदर गालावर आहे. एका फोटोत तर तिनं मलाच कडेवर असं घेतलंय की माझं डोकं तिच्या एका गालापुढं येतंय. पेटीच्या तळाला पावडरचा एक छोटा डबा होता, गुलाबी, तळाशी थोडी पावडर उरलेली, आणि एक आरसा, तळहाताएवढा. मी तिला कधी आरशात बघताना बघितलं नव्हतं. म्हणजे तिचं काही अडलं नाही असं जे मी धरून चालले होते ते मीच ठरवलं होतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. तो डबा माझ्याकडं आहे. त्याला अजून वास येतो.

माझी धाकटी आता तेरा वर्षांची आहे. परवा आरशासमोर उभी राहून म्हणाली, आई, मला पण येणार का गं वांग? आजीला होतं, तुला आहे. मी तिला खोटं सांगितलं नाही. म्हटलं, येऊ शकतं, आलं तर आपण दोघी जाऊ दाखवायला, पहिल्या महिन्यातच. ती बरं म्हणाली आणि सनस्क्रीन न लावताच खेळायला गेली. मी तिच्या मागं टोपी घेऊन धावले.

2018 मध्ये सरकारनं नियम केला, स्टेरॉईडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. माझी ट्यूब सुटल्यानंतरचं वर्ष. म्हणजे मागच्या महिन्यात त्या मुलीला जी ट्यूब मिळाली ती मिळायला नको होती. हे मला काउंटरवर उभी असताना माहीत होतं. म्हणून ते जास्त टोचतंय.

काल गोळ्या परत संपल्या. मी मुद्दाम त्याच मेडिकलमध्ये गेले, तोच पोरगा होता. विचारलं, मागच्या महिन्यात एक कॉलेजची मुलगी आली होती, स्टोलवाली, मोबाईलमधला फोटो दाखवून ट्यूब नेली, परत आली का? तो म्हणाला, काकू, स्टोलवाल्या रोज दहा येतात की, त्यातली कोणती सांगू. मी त्याला माझा गड्ड्यावरचा फोटो दाखवला आणि त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टरांनी काढलेला फोटो दाखवला, एकाशेजारी एक. तो बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, बाळा, चिठ्ठी बघितल्याशिवाय देऊ नको रे. तो फोटोवरून नजर न काढता म्हणाला, माझी ताई पण हीच लावते. मग मालकानं आतून हाक मारली आणि तो गेला. मी कागदाच्या पिशवीवर त्याच्या पेननं सिव्हिलच्या स्किन विभागाचं लिहून काउंटरवर ठेवलं.

घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले. बाजूला चार-पाच स्कूट्या, सगळ्यांवर पोरी, सगळ्यांचे चेहरे बांधलेले, फुलाफुलांचे, पट्ट्यांचे, काळे स्टोल. मी एकीकडं बघत राहिले, डोळे तसेच वाटले. तिला माझं बघणं कळलं असावं. तिनं एका हातानं स्टोल नाकावर आणखी वर ओढून घेतला, आणि सिग्नल सुटला.